सर्वसमावेशक व्हायचंय? आधी फाईल करा

अभिनंदन, सर! समान संधी केंद्राचं समन्वयकपद अखेर तुमच्याच गळ्यात पडलं. एनएसएस, सायकल स्टँड आणि वार्षिक अंक आधीच तुमच्याकडे होता, त्यात हे एक. घाबरू नका. नॅकची, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, पिअर टीम (तपासणी पथक) यायला अजून अवकाश आहे, आणि समता काही निकालासारखी तारखेला लावावी लागत नाही. निकाल तरी कुठे लागतो म्हणा. (विद्यापीठ कुठलं ते मी लिहीत नाही. सातारा-सांगलीकडचे वाचक आपापलं घालून वाचतील.)

पहिल्यांदा समिती नेमा. डबा खायला रोज बरोबर असतात तेच घ्या, म्हणजे बैठकीची नोटीस काढावी लागत नाही. एक महिला सदस्य आणि एक मागासवर्गीय सदस्य हवा. दोन्ही जागा एकाच मॅडममध्ये बसत असतील तर उत्तम, कोरम लवकर होतो. इतिवृत्त बैठकीच्या आदल्या दिवशी टाईप करून ठेवा. ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरले’ हे वाक्य कुठल्याही विषयाला चालतं.

मग रॅम्प. दिव्यांगांसाठी २०१६ चा कायदा आहे, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आहेत, ते सगळं असू दे. तुमच्या कामाचं एवढंच, की नॅकला जिओटॅग केलेला फोटो लागतो. त्या फोटोत अक्षांश येतो, रेखांश येतो, चढ किती आहे ते येत नाही. एक फूट वर जायला बारा फूट लांबी हवी असं नियम म्हणतो. पण एवढी लांबी घेतली तर साहेबांची गाडी कुठं लावायची? म्हणून पाच फुटांतच तीन पायऱ्यांची उंची उरकून टाका. वर गुळगुळीत फरशी बसवा, फोटोत चमकते. दोन्ही कडेला शेवंतीच्या कुंड्या ठेवा. व्हीलचेअर स्टोअरमध्ये आहे, तिचं प्लॅस्टिक मात्र काढू नका, नाहीतर डेड स्टॉकवाला तुमच्याकडून लेखी घेईल. फोटोत बसायला कुणी मिळालं नाही तर एनएसएसचा एखादा काटक पोरगा बसवा. त्या चढावर मागून ढकलायला चौघं लागतात. ती ‘विद्यार्थ्यांमधील सेवाभाव’ म्हणून वेगळी नोंद होते.

एम.ए.ची जी मुलगी कुबड्या घेऊन रोज दुसऱ्या मजल्यावर येते, तिला मात्र काही विचारायला जाऊ नका. ती म्हणेल, “सर, रॅम्पचं राहू दे, आमचा तेवढा तास खालच्या वर्गात घ्या.” आता वेळापत्रक बदलणं तुमच्या अधिकारात नाही, आणि त्याचा फोटोही निघत नाही.

७ नोव्हेंबर चुकवू नका. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी बाबासाहेबांची नोंद झाली. म्हणून तर राज्यात हा विद्यार्थी दिवस. मोठा कार्यक्रम घ्या. भाषणात ‘दैदीप्यमान’ दोनदा येऊ द्या, पण गोणपाटापाशी रेंगाळू नका. तो पोरगा बसायला घरून गोणपाट न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा, कारण शाळेचा झाडूवालाही त्या गोणपाटाला हात लावत नसे. नळ शिपायानं सोडायचा. शिपाई नसेल त्या दिवशी तहान मारून बसायचं. हे फार तपशिलात गेलात तर मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारेल, की मग सर, आडनाव कळल्यावर माझा रूम पार्टनर आठवडाभरात का बदलून गेला? तेव्हा ‘त्या काळची परिस्थिती’ असं म्हणायचं आणि पुढं सरकायचं. ‘आता तसं काही राहिलं नाही’ हे वाक्य अध्यक्षांसाठी राखून ठेवा, त्यांना ते फार आवडतं. स्टेजवरचा सोफा ‘कमवा आणि शिका’ची पोरं चढवतील. शिपायांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि पोरांना तासाचा हिशोब दाखवायला काम तर हवंच.

कर्मवीर अण्णांचं, म्हणजे भाऊराव पाटलांचं, नाव आलंच पाहिजे, पण बेतानं. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था निघाली, पुढं १९२४ ला ती साताऱ्यात आली, हे सांगायला हरकत नाही. वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकाच पंगतीत जेवत, स्वयंपाकही पोरंच करत. पोरांचं धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. हे सगळं समिती, इतिवृत्त आणि जिओटॅग यांच्याशिवाय झालं, त्यामुळे नॅकच्या दृष्टीनं त्याला पुरावा नाही. तुम्ही त्या जागी ‘विविधतेत एकता’ रांगोळी स्पर्धा घ्या. प्रमाणपत्रं छापता येतात.

प्राध्यापकांमधली विविधता म्हणाल तर बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला राखीव त्याचा तक्ता, भिंतीवर अद्ययावत लावलेली असली की झालं. त्यातले बिंदू भरलेत की नाहीत ते जवळ जाऊन बघावं लागतं, आणि पिअर टीमला जेवणानंतर तेवढा वेळ नसतो. शिकवायला सीएचबीची, म्हणजे तासावर नेमलेली, पोरं आहेतच. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली, बहुतेक घरातली पहिलीच शिकलेली. या केंद्राचा अहवालही त्यातल्याच एखाद्या मॅडमकडून लिहून घ्या. तासाचे पैसे तासालाच मिळतात, अहवालाचे मिळत नाहीत, पण पुढच्या वर्षीची ऑर्डर तुमच्या हातात आहे हे त्यांना ठाऊक असतं.

शिष्यवृत्तीच्या खिडकीकडे फिरकू नका. तिथं जतचा एक मुलगा उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, बोनाफाईड आणि आधार जोडलेलं पासबुक असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन उभा असतो. आतून आवाज येतो, “महाडीबीटीचं पोर्टल बंद आहे, सोमवारी ये.” सोमवारी साहेब मीटिंगला असतात. सोमवारचं भाडंही तोच भरतो. पण हा विषय वित्त विभागाचा, समतेचा नव्हे.

मुलींसाठी ‘स्त्री सक्षमीकरण’ या विषयावर व्याख्यान ठेवा, तेही संध्याकाळी पाचनंतर, पाहुण्यांच्या सोयीनं. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला फुकट पास बारावीलाच संपला. आता माण-खटावच्या मुली स्वतःच्या पैशानं येतात आणि शेवटच्या तासाला एक डोळा घड्याळावर ठेवतात, कारण दहिवडीची गाडी गेली तर घरी काय सांगायचं? हॉल रिकामा राहिला तर अहवालात ‘मुलींमध्ये जागृतीची गरज’ असं लिहा. पुढच्या वर्षी त्याच विषयाला पुन्हा निधी मागता येतो.

राहता राहिली तक्रारपेटी. जिन्याखाली लावा, रंग लाल, कुलूप मोठं, किल्ली रजेवरच्या लिपिकाकडे. वर्षाअखेर ‘प्राप्त तक्रारी : निरंक’ असा दाखला जोडायचा. तो दिसायला छान दिसतो, आणि विद्यापीठात सगळे गुण्यागोविंदानं नांदतात हे सिद्ध होतं. तरीही एखादं चिवट पोरगं अर्ज घेऊन थेट टेबलापाशी आलंच, तर त्याला बसायला खुर्ची द्या, चहा सांगा, अर्ज शांतपणे वाचा. मग समजावून सांगा, की बाळा, अर्ज योग्य मार्गानं यायला हवा, विभागप्रमुखांची शिफारस आणि सही घेऊन ये. तो म्हणेल, “सर, पण तक्रार त्यांच्याच विरुद्ध आहे.” तुम्ही म्हणा, “मग तर सही लगेच मिळेल, ते आत्ता केबिनमध्येच आहेत.”