रेड मर्क्युरीच्या नादाने जुने रिसीव्हर फोडू नका

परत तो व्हिडिओ फिरायला लागलाय. म्हणे घरात जुना व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या निर्वात नळ्यांचा) रेडिओ किंवा मिलिटरीचा मोठा रिसीव्हर असेल तर त्याच्या व्हॉल्व्हमध्ये 'रेड मर्क्युरी' म्हणजे लाल पारा असतं, लाखो रुपये मिळतात, खरं-खोटं करायला आरशासमोर धरा नाहीतर लसूण जवळ न्या, आणि व्हॉल्व्ह काढून झाले की उरलेला डबा भंगारात द्या कारण शॉर्टवेव्ह (लांबच्या देशांची स्टेशनं लागतात तो पट्टा) तसंही बंद पडलंय. हे ऐकून लोक खरंच सेट उघडतात हो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, असला पदार्थच नाही. पाऱ्याचं लाल संयुग म्हणाल तर हिंगूळ आहे, त्याचे कोणी लाखो देत नाही. हीच अफवा २००९ मध्ये सौदीत सिंगरच्या शिलाई मशीनबद्दल उठली होती आणि तिथे लोकांनी जुन्या मशीनला वेड्यासारखे पैसे मोजले.

"पण आत चकाकतं ना काहीतरी?" चकाकतं, बरोबर. काचेच्या व्हॉल्व्हला आतून जो चंदेरी-काळपट डाग असतो तो बेरियमचा गेटर, राहिलेली हवा शोषून घ्यायला कारखान्यातच उडवलेला असतो, काचेला तडा गेला की तो पांढरा पडतो. लाल व्हॉल्व्ह पण असतात, फिलिप्सचा ईसीएच३ बघा, पण तो रंग काचेच्या बाहेरून आहे, त्याखाली शील्डिंगसाठी (बाहेरची खरखर अडवायला) धातूचा फवारा मारलेला असतो. आणि चालू सेटमध्ये जांभळा उजेड दिसतो तो व्हीआर१५० सारख्या गॅसवाल्या, व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरचा, तो चमकलाच पाहिजे. खरा पारा असतो तो ८६६ सारख्या रेक्टिफायरमध्ये (एसीचं डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये), तो ट्रान्समीटरच्या पॉवर सप्लायचा माल, आणि तोही साधा चंदेरी पारा. तसला फोडलात तर पैसे राहिले बाजूला, विषारी वाफ नाकात जाईल.

आरशाची टेस्ट तर कमालच. म्हणे खऱ्या मालाचं प्रतिबिंब पडत नाही. अहो, जे डोळ्याला दिसतं ते आरशात न दिसायला काय झालं? लसणाबद्दल मी बोलत नाही.

आता "उरलेला डबा भंगार", माझा खरा राग इथे आहे. आरसीए या अमेरिकन कंपनीचा एआर-८८ रिसीव्हर घ्या, दुसऱ्या महायुद्धातला सेट, १४ व्हॉल्व्ह, ५३५ किलोहर्ट्झ ते ३२ मेगाहर्ट्झ सहा बँडमध्ये, वजन चाळीस किलोच्या वर. त्याचे बरेचसे व्हॉल्व्ह, ६एसजी७, ६एसए७, हे लोखंडी डबीतले, म्हणजे आत लाल की निळं ते दिसायची सोयच नाही, तरी उपटतात! आणि गंमत अशी की व्हॉल्व्ह हीच त्यातली सगळ्यात सहज मिळणारी वस्तू, खटपट केली तर आजही मिळतात. मिळत नाही ते गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरतो तो), डायलचे गिअर, कॉइल. नॅशनल कंपनीच्या एचआरओ रिसीव्हरला तर प्रत्येक बँडचा कॉइलचा वेगळा खण असतो, पुढून ढकलून बसवायचा, तो खण भंगारात गेला की तो बँड संपला, नुसता पितळ-ॲल्युमिनियमच्या भावाने गेला.

शॉर्टवेव्ह बंद पडलंय? कमी झालंय, हे मान्य. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह २०२० मध्ये थांबलं, अनेक देशांनी गाशा गुंडाळला. पण बीबीसीचं इंग्रजी, चायना रेडिओ, रोमानिया अजून लागतात, चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं स्टेशन १० मेगाहर्ट्झवर टिकटिक करतंय आणि ४० मीटर बँडवर सकाळी भारतातले हॅम (परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले) गप्पा मारत असतात. एआर-८८ वर हे हॅम ऐकायचे तर बीएफओ (त्यांचा आवाज उलगडणारा सेटमधला ऑसिलेटर) चालू करा, आरएफ गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) बराच खाली आणा, ऑडिओ वर न्या, मग हळूहळू फिरवा, बदकासारखा आवाज एकदम माणसाचा होतो.

ज्यांच्याकडे असा सेट पडलाय त्यांना एवढंच सांगतो, उत्साहाने थेट २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. आधी व्होल्टेजचा टॅप (सेट किती व्होल्टला जोडलाय ते) बघा, अमेरिकन सेट बरेचदा ११७ वर असतो. हॅलिक्राफ्टर्स एस-३८ सारख्यात तर मेन्स ट्रान्सफॉर्मरच नाही, चेसिसलाच (धातूच्या सांगाड्यालाच) करंट असू शकतो. सिरीज बोर्डला (सेटकडे जाणारा करंट बल्बमधून जातो असा बोर्ड) १०० वॅटचा बल्ब लावून चालू करा, पण त्याआधी आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा मेणकागदाचा कपॅसिटर बदलाच, तो लीक झाला की व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही घेऊन जातो. मायका आणि सिरॅमिकच्या कपॅसिटरना उगाच हात लावू नका. यातलं काही करायचं नसेल तर एखाद्या हॅमला अख्खा सेट विका, कॉइल आणि नॉबसकट.