उल्हासला भिंत घालणारे

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे: उल्हास नदीला भिंत. बदलापूरच्या मामाचं म्हणणं, काठाला काँक्रीटची भिंत उभारा आणि निळी पूररेषा नदीकडे सरकवा, म्हणजे इमारतींचा अडलेला पुनर्विकास सुटेल. ठाण्याच्या चुलतभावाने लगेच अंगठा दिला. तो नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्याचं काय जातंय!

निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. नकाशावर ती सरकेल, पाण्याला कोण सांगणार? जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवासी सोडवावे लागले. नदी घुसली म्हणे. घुसली कसली, स्वतःच्याच ओसरीवर येऊन बसली! शिवाय भिंत घातली की शहरातलं पावसाचं पाणी आतच तुंबणार आणि नदीचं पाणी समोरच्या काठाच्या, नाहीतर खाली कल्याणच्या माथी जाणार.

मी नेदरलँड्समध्ये नायमेखनला राहतो. १९९५ च्या पुराच्या भीतीने या देशात अडीच लाख माणसं हलवली होती. पुढे आमच्या समोरच्या काठावर, लेंटला, वाल नदीचा बांध आणखी उंच करण्याऐवजी साडेतीनशे मीटर मागे नेला, मध्ये नवा प्रवाह खणला, त्यासाठी पन्नासेक घरं पाडली. हिवाळ्यात वाल फुगली की काठच्या कुरणांतल्या फाटकांचे फक्त वरचे दांडे दिसतात, विलोची झाडं कमरेइतक्या पाण्यात उभी असतात. कोणी त्याची बातमी करत नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर मामाचा फोन. "तुमच्याकडे घर पाडलं तर पैसे मिळतात. आम्हाला नोटीस मिळते. तू तिकडे बसून शिकव."

मग पैशांसाठी, दुसऱ्या जागेसाठी मोर्चा काढा ना, भिंतीसाठी कशाला? हे मी म्हणालो खरा, पण लेंटच्या पन्नास घरांचा हिशेब मला इतका सोपा वाटतो, कारण त्यांतल्या एकाही घरी मी जेवलेलो नाही. वाटरस्खापचं, म्हणजे इथल्या पाणी-मंडळाचं, बिल निमूट भरतो, त्याच्या निवडणुकीत मत असूनही कधी फिरकलो नाही. जुलैत झोपण्याआधी बघतो ती बदलापूरची पातळी. धोक्याची १७.५० मीटर. आकडा चढला की मामाला पाठवतो.

त्याचं उत्तर ठरलेलं: "खिडकीतून दिसतंय रे आम्हाला."