परप्रांतीय गेले की पगार वाढतील? कोल्हापुरात फिरणाऱ्या एका दाव्याचा प्रतिवाद

कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींत जेवढे परप्रांतीय कामगार आहेत, तेवढ्याच आपल्या मुलांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्या स्वस्त मजुरीमुळे सगळ्यांचे पगार अडले. 2020 च्या टाळेबंदीत ते गावी गेले तेव्हा हे सिद्धच झाले. आणि 80 टक्के स्थानिकांची सक्ती केली की प्रश्न मिटेल, असा त्याचा आशय आहे. हातात आयटीआयचे प्रमाणपत्र असूनही ठेकेदाराच्या हजेरीपटावर अडकलेल्या मुलाला हे पटते, यात नवल नाही. पण यातले प्रत्येक विधान तपासता येते, आणि श्रमबाजाराच्या अभ्यासकांनी असे दावे गेली चार दशके तपासलेले आहेत.

पहिले विधान असे गृहीत धरते की कामांची संख्या ठरलेली असते आणि एकाने घेतले की दुसऱ्याचे जाते. फाउंड्रीचे, म्हणजे धातू वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्याचे, उदाहरण घेऊ. मोल्डिंगला (साचे बनवायला), भट्टीवर आणि फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करायला) माणसे नसली तर कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, निघत नाही. आणि कास्टिंग निघाले नाही तर मशीन शॉपमधला ऑपरेटर, तपासणी करणारा, हिशेब लिहिणारा आणि टेम्पोचालक यांनाही काम उरत नाही. पहिल्या गटात परप्रांतीय अधिक दिसतात, दुसऱ्यात बहुतेक आसपासच्या गावांतले लोक असतात. हे दोन गट सरसकट एकमेकांचे स्पर्धक नाहीत. बऱ्याच ठिकाणी एकाच्या कामावर दुसऱ्याचे काम उभे आहे. (ऊसतोडीच्या हंगामात बीडहून येणाऱ्या टोळ्यांविषयी हा मजकूर अवाक्षर काढत नाही. त्याही बाहेरूनच येतात आणि त्यांच्या कोयत्यावर जिल्ह्यातले कारखाने चालतात. आजरा, चंदगड, भुदरगडमधून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेलेली माणसेही तिथे बाहेरचीच होती.)

पगाराचा मुद्दा अधिक गंभीर आहे. 1980 मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे 1,25,000 लोक अमेरिकेत आले आणि काही महिन्यांतच मायामी शहरातले श्रमबळ सुमारे 7 टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टँपा या शहरांशी केली. मायामीतल्या अल्पशिक्षित कामगारांच्या मजुरीवर किंवा बेरोजगारीवर त्यांना जाणवण्याइतका परिणाम सापडला नाही. कार्ड यांना 2021 चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, पण म्हणून वाद मिटला असे नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली आणि शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या पुरुषांच्या मजुरीत 10 ते 30 टक्के घट झाल्याचे 2017 मध्ये मांडले. त्यावर इतरांनी दाखवून दिले की त्यांनी निवडलेला गट फार लहान होता आणि त्याच काळात पाहणीतील नमुन्याची घडणच बदलली होती. माझ्या मते कार्ड यांची बाजू अधिक भक्कम आहे. तथापि ‘परिणाम शून्यच असतो’ असा छातीठोक दावा करणेही चूकच.

भारतातला एक पुरावा तर या मजकुराच्या बाजूने थोडा झुकतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार रोजगार हमीमुळे खेड्यांतून शहरांकडे होणारे हंगामी स्थलांतर घटले आणि शहरांतल्या अकुशल कामांची मजुरी वाढली. म्हणजे बिगारी कामात पुरवठा कमी झाला की दर चढतो. पण इथे दर कशामुळे चढला ते पाहिले पाहिजे : कोणाला हाकलल्यामुळे नव्हे, तर गावातच काम मिळाल्यामुळे माणसे घरी राहिली. शिवाय मजुरीवर दाब येतो तो मुख्यतः त्याच कामातल्या, म्हणजे बहुधा आधी आलेल्या परप्रांतीयांच्याच मजुरीवर. डिप्लोमा झालेल्या मुलाच्या पगाराशी त्याचा संबंध दूरचा आहे.

हाकलण्याचाही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेने मेक्सिकन शेतमजुरांसाठीची ब्रासेरो योजना 1964 च्या अखेरीस बंद केली, आणि स्थानिकांची मजुरी वाढावी हाच त्यामागचा जाहीर हेतू होता. अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी नंतर राज्याराज्यांची तुलना केली, तेव्हा स्थानिक शेतमजुरांच्या मजुरीत मोजता येईल अशी वाढ त्यांना आढळली नाही. मालकांनी टोमॅटो तोडणारी यंत्रे आणली, काही ठिकाणी पिके बदलली. ऊसतोडणी यंत्राची चौकशी करणाऱ्या आपल्या बागायतदाराला यात नवे काही वाटणार नाही.

टाळेबंदीच्या दाखल्याबद्दल थोडक्यात. त्या काळात कामगार गेले तसे कारखानेही बंद होते, वाहन उद्योगाची मागणीही आटली होती. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या असताना परिणाम एकीच्या खात्यावर टाकता येत नाही.

या मजकुराला मिळणारे ठरावीक उत्तर, ‘आपल्या पोरांना कष्टच नकोत’, हेही तितकेच उथळ आहे. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या श्रमबल पाहणीत देशातील एकूण बेरोजगारी 3.2 टक्के, तर 15 ते 29 वयोगटात 10.2 टक्के होती, आणि शिक्षण वाढते तसे हे प्रमाण वाढत जाते. कारण शिकलेला मुलगा चांगल्या नोकरीची वाट पाहतो. तामिळनाडूत 2001 ते 2006 या काळात सरकारी भरती जवळजवळ गोठली होती. तेव्हा पदवीधर तरुण खासगी नोकरीकडे वळण्याऐवजी परीक्षेच्या तयारीत आणखी वर्षे घालवत राहिले, असे अर्थतज्ज्ञ कुणाल मंगल यांच्या संशोधनात दिसते. सरकारी आणि ठेक्यावरच्या नोकरीतली तफावत एवढी असताना थांबण्याचा निर्णय आळसाचा म्हणता येणार नाही, तो हिशेबाचा आहे. राहुरीपासून राधानगरीपर्यंत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका भरलेल्या असतात त्या यामुळेच. आणि परप्रांतीय मोल्डर उद्या गावी गेला म्हणून त्या रिकाम्या होणार नाहीत.

उरला सक्तीचा मुद्दा. 80 टक्के स्थानिकांचे धोरण महाराष्ट्रात कागदावर अनेक वर्षे आहेच. हरियाणाने तर दरमहा 30,000 रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत 75 टक्के राखीव जागांचा कायदाच केला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर 2023 मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केला. कायदा टिकला असता तरी टक्केवारी ठरवून मजुरीचा दर ठरत नाही. मालकाला परप्रांतीय कामगार परवडतो तो बऱ्याचदा जादा तासांचा मोबदला, भविष्य निर्वाह निधी आणि कधी किमान वेतनही त्याला पूर्ण द्यावे लागत नाही म्हणून. ठेकेदाराच्या हजेरीपटाची तपासणी नियमित झाली आणि स्थानिक व परप्रांतीय दोघांनाही एकच दर देणे भाग पडले, तर बाहेरचा माणूस निवडण्यात मालकाची जी बचत होते ती संपते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, किमान वेतनाची कायदेशीर सक्ती 1948 पासूनच आहे.