छाप्यात सापडलेल्या बाईचा फोटो कशासाठी?

परवा पुन्हा एका स्थानिक न्यूज पोर्टलवर तशीच बातमी. बनावट ग्राहक पाठवून लॉजवर छापा, ‘सेक्स रॅकेट’ उद्ध्वस्त, महिलांची सुटका. खाली फोटो. ओढणीने तोंड झाकून बसलेल्या बाया, मागे रांगेत उभं पथक. तोंड झाकलं तरी ओढणी ओळखणारं कुणीतरी घरात असतंच. गावाकडे आईला ‘पुण्यात कंपनीत आहे’ असं सांगितलेलं असतं, पोरगं शाळेत जात असतं. गिऱ्हाइकाचा फोटो मात्र कुठेच नाही.

छाप्याच्या वेळी बाई पीडित असो की आरोपी, तिची ओळख उघड होता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात म्हटलंय. कंडोम सापडले म्हणून तो पुरावा धरू नका, सुधारगृहात मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना सोडा, हेही त्यातच आहे.

अल्पवयीन मुलगी असेल, फसवून किंवा विकून आणलेली असेल, तर छापा हवाच आणि दलाल तुरुंगात जायलाच हवा. यात दुमत नाही. पण सज्ञान बाईला तिची इच्छा न विचारता गाडीत घालून वर्षभर कोंडायचं, याला मी सुटका म्हणणार नाही. मुंबईत पकडलेल्या तीन तरुणींच्या बाबतीत हेच झालं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सोडायला सांगितलं. वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, असं न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाणांनी त्या निकालात नोंदवलं.

पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, १९५६ चा. कुंटणखाना चालवणं गुन्हा, गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा. आणि कलम ४ तर मला फार क्रूर वाटतं. अठरा वर्षांवरील कुणीही जाणूनबुजून वेश्याव्यवसाय करणाऱ्या बाईच्या कमाईवर जगत असेल, तर दोन वर्षांपर्यंत कैद. त्या ‘कुणीही’मध्ये तिची म्हातारी आई येते, तिच्या पैशावर कॉलेज शिकणारा मुलगाही येतो! त्या पोराने काय करायचं?

सांगलीत ‘व्हॅम्प’, म्हणजे वेश्या अन्याय मुक्ती परिषद, नव्वदच्या दशकापासून आहे. या बाया स्वतः बोलतात, छाप्यांविरुद्ध ठामपणे बोलतात. पत्रकार मित्रांनो, पुढची बातमी लिहिण्याआधी एकदा त्यांच्याशी बोला. आणि पोलिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला तो फोटो छापू नका.