१९९१ साली वारले, २०१० साली मतदान केलं

गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: 'ये जो है जिंदगी' ही दूरदर्शनची विनोदी मालिका आपल्या शेतकरी नेते शरद जोशींनी लिहिली. लोकांना हसवण्यासाठी त्यांनी स्वित्झर्लंडची नोकरी सोडली, शेतीच्या फावल्या वेळात भाग लिहिले, १९९० ला पद्मश्री मिळवली, राज्यसभेत गेले, 'लापतागंज' लिहिली आणि १९९१ मध्ये विस्मृतीत वारले. शेवटी 'मराठी असाल तर पुढे पाठवा'.

सांखळीच्या माझ्या मामाने हे नुसतं पुढे पाठवलं असतं तर मी गप्प बसले असते. पण हिंदी दिनाला वाचनालयात त्याचं भाषण आहे आणि हे सगळं त्याने वहीत उतरवून घेतलंय.

राज्यसभेपासूनच धरू. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक मंजूर झालं. बाजूने १८६ मतं, विरोधात १. ते एक मत शरद जोशींचं. सभागृहाच्या नोंदीत आहे, त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत आहे. आता हा माणूस १९९१ मध्ये वारला असेल तर १९ वर्षांनी मत द्यायला कोण आलं होतं? दोन्ही गोष्टी एकाच मजकुरात, चार ओळींच्या अंतराने लिहिल्यात. लिहिणाऱ्याला दिसलं नाही, पाठवणाऱ्यांना दिसलं नाही, आणि चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेल्या मामालाही नाही!

माणसं दोन आहेत. आमच्याकडे एका वाड्यावर दोन रामनाथ असले तरी लग्नाची पत्रिका बरोबर घरी पोचते. इथे एवढंही जमू नये?

शेतकरी संघटनेचे शरद जोशी साताऱ्यात जन्मले. टपाल खात्यात होते, मग बर्नला जागतिक टपाल संघटनेत. परत आले ते आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला. १९८० चं चाकणचं कांदा आंदोलन, निपाणीची तंबाखू, २०१५ मध्ये निधन. त्यात विनोदी मालिका कुठेच नाही.

मालिका लिहिणारे शरद जोशी उज्जैनचे, जन्म १९३१. हिंदीतले पहिल्या रांगेतले व्यंगकार. पद्मश्री यांची. सरकारी नोकरी यांनीही सोडली होती, पण ती मध्य प्रदेशातली. कविसंमेलनाच्या मंचावर गद्य वाचून टाळ्या घेणारा हा माणूस. 'नवभारत टाइम्स'मध्ये 'प्रतिदिन' हे रोजचं सदर लिहायचा.

मला सगळ्यात जास्त राग आला तो 'फावल्या वेळात' या शब्दांचा. मालिका १९८४ ची. एक घर, शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे नवरा-बायको, राकेश बेदी मेहुणा, आणि दर भागात वेगळंच सोंग घेऊन येणारे सतीश शहा. म्हणजे लेखकाला दर आठवड्याला एक नवा माणूस घडवायचा, दारातून आत आणायचा, घरात गोंधळ उडवायचा आणि वेळ संपायच्या आत निस्तरायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आधीचं काही न वापरता. कांद्याला पाणी सोडून झाल्यावर बसून करायचं काम नव्हे हे. नटांची नावं सगळ्यांना पाठ. लेखकाचं नाव आठवायची वेळ आली की हाताला लागेल तो जोशी चिकटवायचा.

'लापतागंज'चं अर्धं खरं आहे, मान्य. ती त्यांच्याच कथांवर बेतलेली, जाहिरातीतही तसंच म्हणायचे. पण मालिका आली २००९ मध्ये; लिहिली दुसऱ्यांनी. आणि 'विस्मृतीत'? ५ सप्टेंबर १९९१ ला ते गेले, त्याच वर्षी आलेल्या 'दिल है कि मानता नहीं'चे संवाद त्यांचे. असो.

मामाला शेती आणि शरद जोशी एकत्र हवेच असतील तर सोय आहे. उज्जैनच्या जोशींचा 'जीप पर सवार इल्लियाँ' नावाचा लेख आहे. हरभऱ्यावर अळी पडते, खात्याचे साहेब जीपमधून पाहणीला निघतात आणि शेतात उतरून ओला हरभरा हाणतात. परतताना जीपमध्ये नेमक्या अळ्या कोण, ते लेखकाला कळून चुकतं. तो मोठ्याने वाचायला दहा-पंधरा मिनिटं पुरतील. वहीतली ती दोन पानं मात्र फाडायची.