फाइलच्या कव्हरवर कॅन्सर तपासता येत नाही

‘काचपट्टी नको. फाइलचं पारदर्शक कव्हर कापा, चमच्याने गाल आतून खरवडा, निळं औषध टाका, मोबाईलवर झूम करून पाहा. निळं दिसलं तर कॅन्सर, नाही तर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बिनधास्त खा.’ यवतमाळकडच्या गावांत फिरणारा हा मेसेज माझ्या मामांपर्यंत पोचला. त्यांच्या गालात पांढरा चट्टा आहे. आता ते म्हणतात, ‘निळं नाही आलं ना बाप्पा, मग दवाखान्यात काऊन जाऊ?’

हे भयंकर आहे. ते निळं औषध जेन्शन व्हायोलेट असो की मिथिलीन ब्लू, रंग निरोगी पेशींनाही लागतोच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरं स्वतःच्या गालाच्या पेशी अशाच निळ्या करून पाहतात. त्यांना काय कॅन्सर असतो? निळं दिसलं नाही म्हणजे पेशी आल्या नाहीत, नाहीतर रंग धुऊन गेला. त्यातून पांढऱ्या चट्ट्यावर केराटिन या कडक प्रथिनाचा जाड थर असतो. चमच्याला लागतो तो वरचा मेलेला थर, आणि बिघाड सुरू होतो तळाच्या पेशींत. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथेच ही तपासणी ‘काही नाही’ म्हणणार. वर खर्रा खायची परवानगी!

प्लास्टिकचं म्हणाल, तर त्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मानतो. २०१४ साली मनु प्रकाश यांच्या गटाने मांडलेल्या फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकात पारदर्शक चिकटपट्टीवरचा नमुनाही दिसतो. पण पेशी दिसणं वेगळं, निदान वेगळं. पेशी तपासायच्या पॅप पद्धतीत नमुना अल्कोहोलमध्ये पक्का करून, रंगवून, शेवटी झायलीन या द्रावकातून काढतात. पॉलिस्टायरीनसारखं प्लास्टिक त्यात विरघळतं. शिवाय काचपट्टी दोन-चार रुपयांची. ती वाचवून कोणाचं भलं होणार?

मोबाईलच्या नुसत्या झूमने, भिंग न लावता, पेशी दिसतच नाहीत.

खरंच स्वस्त तपासणी हवी तर ती आहे, आणि तिला काचही लागत नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी उजेडात लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. आपल्याकडेही तिशीपुढच्यांची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, आशाताईंना विचारा. चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूरचा मोठा दवाखाना गाठा. तिथे गरज वाटली तर तुकडा काढून तपासतील, आणि निदान त्यावरच ठरतं.