विटा म्हणे विलायतेतून आल्या!

मावशी सध्या मुलाकडे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडला आहे, सहा महिन्यांसाठी. परवा सगळे विल्यम्सबर्गला जाऊन आले आणि इकडे सकाळी चहाच्या आधीच फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड पडला, ‘व्हर्जिनियाच्या जुन्या घरांची थक्क करणारी रहस्यं’. हाच मला याआधी दोन ग्रुपवर आलेला, तेव्हा सोडून दिला. पण मावशीने खाली लिहिलं, "बघा, याला म्हणतात कष्ट!" म्हणून आता लिहितोय.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: घरांच्या विटा इंग्लंडहून जहाजातून आल्या, कपाटावर टॅक्स होता म्हणून घरात कपाटं नाहीत, पहिले इंग्रज ओंडक्यांच्या झोपड्यांत राहिले, विल्यम्सबर्गच्या कॉलेजची इमारत लंडनचा नामांकित वास्तुकार ख्रिस्तोफर रेन याने डिझाइन केली, आणि जेफरसनसारख्या (अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष) मालकांनी आपली घरं स्वतःच्या हातांनी उभी केली, आपल्यासारखे मजुरांवर अवलंबून राहिले नाहीत. शेवटी ‘सर्व माहिती जुन्या ग्रंथांतून’. ग्रंथ कुठले ते अर्थातच नाही.

विटांपासून धरू. जहाज कलंडू नये म्हणून तळाशी वजन टाकतात, ते वजन म्हणजे विटा असं यांचं म्हणणं. एक वीट अडीच किलोची धर, लाखभर विटा म्हणजे अडीचशे टन, आणि मोठ्या हवेलीला लाखांनी विटा लागायच्या. १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउनला, म्हणजे इंग्रजांच्या पहिल्या टिकलेल्या वसाहतीला, जी तीन जहाजं आली, सुसान कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी, त्यांची क्षमता मिळून १८० टन, त्यात शंभरावर माणसं. त्या माणसांच्या यादीत गवंडी आहेत, ते काय नुसत्या विटा उतरवून घ्यायला आले होते? माती पायाखाली, सरपणाला अख्खं जंगल, चुन्याला कालवांच्या शिंपल्यांचे ढीग. मावशी, तू सांगलीची, कृष्णाकाठच्या वीटभट्ट्या बघत मोठी झालीस, तुला तरी हे खरं वाटायला नको होतं.

तूच पाठवलेला भिंतीचा फोटो झूम करून बघ. मधूनमधून विटेचं एक टोक निळसर-करडं, काचेसारखं चमकणारं दिसेल. भट्टीत जाळाच्या तोंडाशी असलेल्या विटांवर लाकडाच्या राखेने असा थर चढायचा, आणि गवंडी ती टोकं मुद्दाम दर्शनी ठेवून बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी करायचे. हे सगळं तिथल्याच भट्टीचं काम.

बरं, यात एक अर्धं खरं आहे ते सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी शोधून आणेल. जुन्या कागदांत ‘इंग्लिश वीट’ असा शब्द खरंच सापडतो, पण तो मापाचा शब्द आहे, कोल्हापुरी चप्पल पुण्यात शिवली तरी कोल्हापुरीच म्हणतात ना, तसं. आणि छोट्या पिवळ्या डच विटा थोड्याफार बाहेरून आल्याही होत्या, पण त्यावर हवेली उभी राहत नाही.

कपाटावर टॅक्स: असा कायदा व्हर्जिनियात नव्हता, कपडे घडी करून पेटीत ठेवायचे किंवा खुंटीला टांगायचे, संपलं. टॅक्स होता तो डोक्यांवर. सोळा वर्षांवरचे सगळे पुरुष त्यात यायचे आणि गुलाम बायकाही, म्हणजे कपाट नाही मोजलं, राबणारी बाई मोजली. ओंडक्यांच्या झोपड्यांची समजूत तर १९३९ साली आलेल्या हॅरोल्ड शर्टलेफ यांच्या आख्ख्या पुस्तकाने खोडली. इंग्रज सरळ जमिनीत खांब गाडून लाकडी सांगाड्याची घरं बांधायचे, ते खांब कुजायचे, म्हणून सतराव्या शतकातली घरं आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. ओंडके रचायची पद्धत आणली स्वीडिश, फिनिश आणि पुढे जर्मन लोकांनी.

रेनचं प्रकरण मात्र मजेशीर. इथे खरंच एक जुना ग्रंथ आहे! ह्यू जोन्स नावाच्या पाद्री-प्राध्यापकाने १७२४ च्या पुस्तकात लिहून ठेवलं की इमारतीचा मूळ नमुना रेनचा. एवढ्या एका वाक्यावर तीनशे वर्षं गाडी चाललीय, दुसरा पुरावा नाही. छापलंय म्हणून खरं, हा रोग काही व्हॉट्सअॅपने आणलेला नाही.

ज्यांना खरंच वाचायचंय त्यांनी ‘द चेसापीक हाउस’ बघा, २०१३ चं, कॅरी कार्सन आणि कार्ल लाउन्सबरी यांनी संपादित केलेलं जाडजूड पुस्तक. विल्यम्सबर्गच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं जुन्या घरांत शिरून मापं घेतली, त्यातून ते झालंय. विटा, सुतारकाम, बिजागऱ्या, रंग, सगळं आहे, आणि मुख्य म्हणजे घर कुणाचं याबरोबरच ते बांधलं कुणी हेही विचारलंय.

आणि माझं डोकं फिरलं ते नेमकं इथे. "स्वतःच्या हातांनी"? जेफरसनकडे आयुष्यभरात सहाशेवर माणसं गुलाम म्हणून होती. मॉन्टिचेलो या आपल्या मळ्यावर त्याने १७९४ साली खिळ्यांचा कारखाना काढला, त्यात दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुलं घण घालायची, आणि कुठल्या पोराने किती लोखंड वाया घालवलं याचा हिशेब साहेब स्वतः लिहायचे. हातांनी केलं ते एवढं. घरातलं नाजूक सुतारकाम बरंचसं जॉन हेमिंग्स या गुलाम सुताराचं. मृत्युपत्रात पाच जणांना सोडलं त्यात तो होता, पण १३० माणसांच्या, जानेवारी १८२७ मधल्या लिलावाची जाहिरात निघाली. नकाशे काढले जेफरसनने, कबूल, आणि सुंदर काढले. पण "मजुरांवर अवलंबून नव्हते" हे वाक्य ज्याने टाइप केलं त्याला मजूर म्हणजे काय हे कळत नाही किंवा नीट कळतं.

मावशी, शार्लट्सव्हिल तुमच्यापासून सव्वा तासावर. तिथे युनिव्हर्सिटीत २०२० साली गोल दगडी स्मारक झालंय, ती युनिव्हर्सिटी बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या गुलामांचं. चार हजार खुणा आहेत, ज्यांची नावं सापडली ती कोरलीत, बाकीच्यांच्या जागी नुसत्या आडव्या खाचा. दादाला सांग, घेऊन जाईल.

आणि हो, विल्यम्सबर्गच्या गव्हर्नर्स पॅलेससमोरचा तुझा डीपी, ‘३०० वर्षं जुन्या वास्तूसमोर’ असं लिहिलंयस. मूळ पॅलेस १७८१ साली जळला. हा १९३४ चा, रॉकफेलरच्या पैशातून, जेफरसनचाच एक नकाशा आणि ऑक्सफर्डच्या लायब्ररीत सापडलेलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं एक चित्र बघून परत बांधलेला. ओळ तेवढी बदल. फोटो राहू दे, साडी छान दिसतेय.